लहानांच्या खोलीतल्या शिव्या

मी दिवसभर शिव्या ऐकते आणि त्याचा मला पगार मिळतो. शेगावात मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं छोटंसं लॉज आहे. खाली भाविकांची ये-जा, जिन्यापाशी चपलांचा ढीग, हातात प्रसादाच्या पिशव्या. आणि वरच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीत मी कानाला हेडफोन लावून लोकांच्या आया-बहिणींचा उद्धार ऐकत बसलेली असते. हे काम सुरू केलं तेव्हा सासूबाई चहा घेऊन वर आल्या आणि दारातच थबकल्या.

"काय ऐकून राह्यली वं एवढं? कीर्तन हाय काय?"

"काम आहे, आई."

"मंग तोंड काऊन असं, कारलं खाल्ल्यावानी?"

त्यांना नीट सांगायला मला बरेच दिवस लागले. तुम्हाला लगेच सांगते. मुलं मोबाइलवर खेळतात ते खेळ आता एकट्याने खेळायचे राहिलेले नाहीत. चार पोरं एका बाजूला, चार दुसऱ्या. एक नागपूरचं, एक नांदेडचं, एक कुठलं ते देव जाणे. किल्ला बांधायचा, समोरच्याचा झेंडा पळवायचा, आणि खेळता खेळता माइकवरून एकमेकांशी बोलायचं. बोलायचं म्हटलं की शिव्या आल्याच. मोठी माणसं आपसात काय बोलतात ते त्यांचं त्यांनी बघावं, पण या खेळात बारा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळी खोली असते. आम्ही तिला लहानांची खोली म्हणतो. तिथे घाण शब्द कानावर पडू नये, हे माझं काम.

हे काम आधी यंत्र करतं. शिवीसारखं काही ऐकू आलं किंवा कुणी तक्रारीचं बटण दाबलं, की यंत्र तेवढाच तुकडा कापून माझ्याकडे पाठवतं. मी ऐकायचं आणि तीनपैकी एक ठरवायचं : सोडून द्या, समज द्या, खातं बंद करा. मुलाचं खरं नाव, गाव, पत्ता मला दिसत नाही. दिसतं ते फक्त त्याने खेळात घेतलेलं नाव.

मी लग्नाआधी पुण्यात फोनवर बोलण्याचीच नोकरी करत होते. तिथल्या जुन्या ओळखीतून हे काम मिळालं आणि वऱ्हाडी बोलीचे सगळे तुकडे माझ्या वाट्याला आले. कारण यंत्राला आपली बोली झेपत नव्हती. वऱ्हाडी माणूस लाडाने बोलला तरी परक्याला तो भांडतोय असं वाटतं. 'काऊन बे, कुठं मेला होता इतके दिवस?' असं एका पोराने दुसऱ्याला विचारलं, तर यंत्राने ते जिवे मारण्याची धमकी म्हणून लाल करून पाठवलं. उलट खरी घाण त्याच्या नजरेतून सुटायची. एका टोळीने शिव्यांच्या जागी भाज्या घेतल्या होत्या. 'तू ढेमसं, तुहा बाप ढेमसं.' यंत्र बिचारं बाजारहाट चाललाय समजून गप्प. ढेमसं म्हणजे काय हे त्या पोरांच्या हसण्यावरून मला कळायचं.

हसण्यावरून, थांबण्यावरून, श्वासावरून. शब्द कुणीही लपवतो, आवाज लपत नाही. हे एकदा कळलं की माणूस सुखाने जगू शकत नाही. लग्नात कुणी गोड बोललं की मला वाटतं, याला काय पाहिजे? फोनवर कुणी उगाच हसलं तर मी मागचा आवाज ऐकायला लागते. हे खूळ माझ्या डोक्यात घातलं ते 'मामा'ने.

झालं असं. लहानांच्या खोलीत एकदम घाण वाढली. तक्रारी वेगवेगळ्या मुलांविरुद्ध. आठ-नऊ वर्षांची लेकरं, आणि तोंडात असे शब्द की बैलबाजारातही कुणी मान वळवून बघावं. मी समज देत गेले. एक खातं बंदही केलं. पण ती मुलं शिव्या देत नव्हती, म्हणून दाखवत होती. कवितेच्या ओळी म्हणतात ना, तशी. सावकाश, अक्षर सुटू न देता. आणि शेवटी एक आवाज, अगदी मऊ : "वा बेटा! परत एकदा."

हा आवाज दुसऱ्या तुकड्यातही होता. तिसऱ्यातही. मुलं त्याला मामा म्हणत. तो स्वतः एकही वाईट शब्द बोलत नसे. "मला हा शब्द नीट येत नाही रे, तू म्हणून दाखव ना," एवढंच. म्हणून दाखवलं की खेळातली चमकणारी तलवार बक्षीस. यंत्राच्या लेखी मामा सर्वांत सभ्य खेळाडू होता.

आमच्या गटाचा प्रमुख निखिल पुण्यात बसतो. वयाने लहान, पण समजूतदार. मी त्याला फोन केला.

"हा माणूस मुलांकडून बोलवून घेतोय," मी म्हटलं.

"ताई, त्याने स्वतः काही बोललंय का?"

"नाही."

"मग नियम कोणता मोडला म्हणून लिहू?"

प्रश्न बरोबर होता. मी मग मामा ज्या ज्या खोलीत शिरला त्या खोल्यांचं अख्खं बोलणं मागवलं. तो यायच्या आधी पोरं किल्ल्याच्या भिंतीवरून भांडत असायची. तो आला की तोंडं सुटायची. निखिलने ते सगळं बसून ऐकलं आणि त्याच दिवशी वर पाठवलं. मामाचं खातं बंद झालं. तो मुलांचे आवाज साठवून त्यांची टिंगल करणारे व्हिडिओ करत होता, एवढं आम्हाला सांगण्यात आलं. पुढे त्याचं काय झालं हे आम्हाला कधीच कळवत नाहीत. तो दुसरं नाव घेऊन परत आला असेल का, हे मला अजून माहीत नाही.

एकदा आमच्याच लॉजच्या जिन्यात मला ऐकू आलं, "वा बेटा, परत एकदा." मी हेडफोन काढून बाहेर धावले. पायरीवर एक म्हातारे गृहस्थ नातवाला पाढे म्हणायला लावत होते. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की शेवटी त्यांनीच विचारलं, "बाई, काही पाहिजे काय?" पाहिजे काहीच नव्हतं. तरी त्यांचा सत्तावीसचा पाढा होईपर्यंत मी हलले नाही.

अशा मनःस्थितीत 'रॉकेटराणी'ची पहिली तक्रार माझ्याकडे आली.

रॉकेटराणी हे त्या मुलीने घेतलेलं नाव. आवाजावरून नऊ-दहा वर्षांची. दुपारी खेळायची. तक्रार दुसऱ्या मुलाच्या आईची होती : 'या मुलीच्या माइकवरून घाणेरडी शिवी ऐकू येते.' तुकडा लावला. शिवी मुलीची नव्हती. तिच्या मागून, खोलीतूनच, एका पुरुषाचा जाड आवाज आला. आईवरून सुरू होणारी शिवी, इथे छापता यायची नाही अशी. पूर्ण ताकदीनिशी. त्यानंतर मुलीचा आवाज, एकदम शांत : "हाव हाव." आणि तुकडा संपला.

मी तो परत परत ऐकला. शिवीने मी दचकत नाही. मला खटकलं ते मुलीचं शांत राहणं. घरातला माणूस एवढ्या मोठ्याने ओरडला तर लेकरू दचकतं, रडतं, निदान गप्प होतं. ही 'हाव हाव', म्हणजे 'हो हो', म्हणून खेळतच राहिली. म्हणजे तिला याची सवय झाली आहे. आणि सवय कशी होते, हे मला सांगायची गरज नाही.

पहिल्यांदा मी समज दिली. नियम असा की ज्या खात्यातून घाण शब्द येतो ते खातं जबाबदार, मग बोलणारा कुणीही असो. दुसरी तक्रार आली. तोच आवाज, तीच शिवी. या वेळी मुलगी म्हणाली, "थांबा ना, आबा." म्हणजे आजोबा. तिसऱ्या तुकड्यात शिवीनंतर काहीतरी आपटल्याचा आवाज होता. धातूचा. पेला असेल, ताट असेल, आणखी काही असेल. मी तिथून उठले आणि सासूबाईंजवळ जाऊन बसले.

"काय झालं वं?" त्यांनी विचारलं.

"एक म्हातारा नातीला शिव्या देतो. मारतही असेल."

"कुठचा?"

"माहीत नाही. बोलीवरून मेहकरकडचा वाटतो."

"मंग सांग ना पोलिसाले."

काय सांगणार? नाव नाही, गाव नाही. मी मुलांच्या सुरक्षेच्या विभागाकडे प्रकरण पाठवलं. त्यांचं उत्तर आलं की नुसते शब्द आहेत, मुलीने मदत मागितलेली नाही, लक्ष ठेवा. तोवर तक्रारी वाढल्या होत्या, आणि नियमाप्रमाणे खातं बंद झालं. ते बंद करणारं बटण मीच दाबलं. मनात आलं, आता तो आवाज तिथे चालूच राहील, फक्त मला ऐकू येणार नाही.

खातं बंद झालं की पालकांना दाद मागता येते, आणि त्यांच्या भाषेत बोलणारं कुणीतरी त्यांना फोन करतं. चौथ्या की पाचव्या दिवशी रॉकेटराणीच्या आईचा अर्ज आला. निखिल म्हणाला, "ताई, तुम्हीच बोला." मी तयारीनिशी फोन लावला. घरात कोण कोण असतं, मुलीजवळ कोण बसतं, सगळं काढून घ्यायचं ठरवलं होतं.

"नमस्कार, मी खेळाच्या कंपनीकडून बोलते."

"कोनती कंपनी?" पलीकडून बाईंचा आवाज. मागे बकरी ओरडत होती.

"तुमच्या मुलीचं खातं बंद झालंय ना, त्याबद्दल."

"असे फोन लई येतात आमाले. आता वोटीपी मागान."

"नाही हो. मला फक्त बोलायचंय. मुलगी आहे का जवळ? तिच्याशी आधी बोलते."

"माह्या पोरीशी काऊन बोलायचं तुमाले?"

"दोन प्रश्न विचारायचे होते."

"अनोळखी मान्साशी बोलू नको म्हनून आमीच तिले सांगतो. अन् तुमाले देऊ काय फोन?" आणि त्यांनी फोन ठेवला.

मी हातातल्या फोनकडे बघत राहिले. या कामामुळे मला शाळांमध्ये पालकांसमोर बोलायला बोलावतात, तेव्हा मी हेच सांगते, याच शब्दांत. तरी माझ्या मनातला किडा वळवळलाच. मुलीला बोलू का देत नाही? काय लपवायचंय?

दुसऱ्या दिवशी निखिलने खेळातूनच त्यांना निरोप पाठवला की अमुक वेळी आमच्याकडून फोन येईल. या वेळी, मी शेगावची आहे म्हटल्यावर, बाई बोलल्या. नाव सांगितलं, ते मी इथे बदलून कमलताई म्हणते. मेहकर तालुक्यातलं मोठं गाव, दोन एकरात भाजीपाला. नवरा टेम्पो चालवतो, बहुतेक बाहेरगावी. घरी त्या, मुलगी आणि सासरे.

"सासरे शिव्या देतात का हो?" मी सरळच विचारलं.

"देतात," त्या म्हणाल्या.

"मुलीला?"

"सगळ्याइले. मले देतात, डाक्टरले देतात. देव्हाऱ्याकडे पाहून बी तेच."

"आणि तुम्ही काही बोलत नाही?"

"त्याइले लकवा मारला, मॅडम. उजवी बाजू गेली. वाचा गेली. तवापासून तोंडातून तेवढीच एक शिवी निंघते. दुसरा शब्दच नाई. पानी पाह्यजे तरी तेच, भूक लागली तरी तेच. डाक्टर म्हने होते असं कोनाकोनाले. सगळं जाते अन् शिवी राह्यते."

मी असं काही पूर्वी ऐकलं नव्हतं. आणि इतकी चपखल सबब कुणी दिली की मी पहिला विचार करते तो हाच, की ही किती दिवसांपासून तयार आहे?

"काहीतरी आपटल्याचा आवाज येतो मागून," मी म्हटलं.

"डावा हात चालते त्यायचा. पेला आपटतात बाजेवर. टाळी वाजवता येत नाई ना."

"टाळी कशाला?"

"पोरगी जिंकली का वाजवतात."

मी म्हटलं, "मला त्यांचं बोलणं ऐकता येईल का?"

आता मात्र त्या चिडल्या. "तमाशा पाह्याचा आहे काय तुमाले? माह्या सासऱ्यानं जिंदगीत कोनाले अरे म्हटलं नाई. मास्तर होते ते. गावातले लोक आता दारावरून जाताना हसतात. आता तुमालेबी ऐकवू?"

"मला नाही ऐकवलंत तर मी तुमच्यावर विश्वास ठेवू शकत नाही," मी म्हटलं. "माझं कामच तसं आहे."

मला वाटलं, ठेवला फोन. मग पावलं ऐकू आली, दार करकरलं, आणि कमलताई लांबून बोलल्यासारख्या म्हणाल्या, "आबा, शेगावच्या बाई आहेत. आपल्या पोरीच्या खेळाच्या."

मी नमस्कार केला. फोनवर कुणी हात जोडत नाही, मी जोडले. म्हटलं, "नमस्कार, आबा. कशी आहे तब्येत?"

पलीकडून तीच शिवी आली. पण हळू. शेवटचं अक्षर थोडं वर उचललेलं, जसं आपण म्हणतो, 'बरी आहे बाई, चाललंय.' मग एक श्वास, आणि पुन्हा तीच शिवी, या वेळी प्रश्नासारखी.

मागून एक बारीक आवाज आला. ती रॉकेटराणी होती. "ते विचारून राह्यले, तुमी जेवल्या काय?"

"जेवले," मी म्हटलं.

यावर म्हातारबुवा हसले. हसणं मात्र त्यांचं शाबूत होतं.

फोन ठेवल्यावर मी काय केलं असेल? लगेच खातं उघडलं असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. मी रॉकेटराणीच्या खेळांचं अख्खं बोलणं मागवलं. आजवर मी फक्त कापलेले तुकडे ऐकले होते, शिवीच्या आधीचं-नंतरचं थोडं थोडं. आता खेळ डोळ्यांसमोर लावून सलग ऐकलं. मुलीने झेंडा पळवला की मागून शिवी, दणदणीत, आणि पेल्याचा ठणठणाट. झेंडा हातचा गेला की तीच शिवी, पडेल. समोरचा पोरगा भिंतीआड दबा धरून बसला होता, मुलीला तो दिसला नव्हता. मागून घाईघाईने शिवीवर शिवी सुरू झाली आणि मुलगी म्हणाली, "हाव हाव, दिसला." मास्तर नातीला सांगत होते, डावीकडे बघ.

शाळा सुटली की आई मळ्यात जायची, आणि आबांजवळ बसायचं काम या मुलीकडे असायचं. बाहेर अंगणात पोरं खेळत असताना ती आत बाजेशी बसून हा खेळ खेळायची. खातं बंद केल्यापासून काय चाललं होतं तेही नंतर कमलताईंनी सांगितलं. मुलगी बसायची, पण भिंतीकडे बघत. आणि आबा पेला आपटून तिला मोबाइल दाखवायचे.

मी निखिलला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, मला पटलं. पण बाकीच्या सात मुलांच्या कानात जातं ते शिवीच ना? त्यांच्या आईबापांना मी काय सांगू?"

एका मुलीच्या आजोबांचा तो शब्द म्हणजे शाबासकी असेल, पण नांदेडच्या लेकराने तोच शब्द घरी जेवताना वापरला तर त्याच्या थोबाडीत बसणार. लहानांची खोली त्या लेकराचीही आहे.

शेवटी असं ठरलं की खातं उघडायचं, पण माइक कायम बंद. बोलायचं असेल तेवढ्यापुरतं बटण दाबून धरायचं, सोडलं की बंद. मी कमलताईंना सांगितलं, त्यांनी मुलीला. मुलीने फोन घेऊन मलाच विचारलं, "म्हंजे आबाचा आवाज जानार नाई?"

"नाही जाणार."

"त्याइले वाईट वाटन."

"त्यांचा आवाज तुला तर ऐकू येईल ना?"

"हाव," ती म्हणाली. पटलं म्हणून म्हणाली की मोठ्या बाईंनी सांगितलं म्हणून, ते मला त्या एका शब्दावरून कळलं नाही.

त्यानंतर त्या खात्याविरुद्ध तक्रार आली नाही. मग एके दिवशी आली. नाव दिसताच मनात दोनच गोष्टी आल्या. बटण दाबून ठेवलं असेल, किंवा त्या घरात मला वाटलं होतं तेच घडत असेल आणि मी फसले असेन. तुकडा लावला. नागपूरकडचा एखादा पोरगा असावा, तक्रारीचं बटण दाबून हिंदीत बोलत होता : "मॅम, रॉकेट के दादाजी की आवाज बंद हो गई है. प्लीज ठीक कर दो."

मी खुर्चीत मागे टेकले. या पोराला म्हातारा आठवतोय की फुकटात ऐकायला मिळणारी शिवी? मला दोन्ही शक्यता दिसल्या, आणि मी कुठलीच खोडली नाही. उत्तरासाठी आमच्याकडे ठरलेली वाक्यं असतात. त्यांतलं एकही इथे बसेना. मी स्वतःच लिहिलं : 'दादाजी ठीक हैं. वो देख रहे हैं.'

आणि पाठवण्याआधी खात्री करून घेतली. रॉकेटराणीचा त्याच दुपारचा खेळ लावला. ती बटण दाबायची, 'डावीकडून ये बे' म्हणायची, सोडायची. बराच वेळ तेवढंच चाललं. मग तिने झेंडा पळवला. बटण दाबलं गेलं आणि तिचा धापा टाकणारा आवाज आला, "आबा, पाह्यलं काय?"

आणि तिने बटण सोडलं. मी उत्तर पाठवून दिलं.